कागद पुढे सरकला तेव्हा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच दुखण्याची आहेत. गाव, घर आणि समाज यांत दुफळी पडत चालली आहे, मनात एक आणि चारचौघांत दुसरे अशी गत झाली आहे, आणि बोलावे तर नाती तुटतील अशी भीती वाटते. म्हणून शेती, आरोग्य आणि सासर-माहेरच्या प्रश्नांना पुढच्या अंकात जागा देऊन या वेळी तीनच पत्रे घेतली आहेत. कोणाची ओळख पटेल असे तपशील त्यांतून काढून टाकले आहेत.

प्रश्न : ताई, मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावात राहते आणि आमच्या बारा जणींच्या बचत गटाची अध्यक्ष आहे. आमच्या गावात वर्षानुवर्षे एक मण्यार चाचा बांगड्या घेऊन येतात. माझ्या लग्नाचा चुडा त्यांनीच भरला आणि माझ्या दोन्ही मुलींचाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या की ओट्यावर त्यांच्या पेटीभोवती बसायला जागा मिळत नाही. कोणाजवळ पैसे नसले तर "पुढच्या फेरीला द्या" म्हणतात आणि पेटी उचलतात. यंदा होळीनंतर कुठल्याशा लांबच्या शहरातल्या मारामारीचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर आला आणि गावाची हवाच बदलली. आठ दिवसांनी काही तरुण मुले एक कागद घेऊन घरोघर फिरली. 'गावाबाहेरच्या फेरीवाल्यांकडून कोणीही माल घेऊ नये व त्यांना गावात प्रवेश देऊ नये', असे त्यावर लिहिले होते. नाव कोणाचेच नव्हते, पण रोख कोणावर आहे ते सगळ्यांना ठाऊक होते, कारण भांडीवाल्याला किंवा कुल्फीवाल्याला कोणी अडवणार नाही. कागद माझ्या दारात आला तेव्हा वर चाळीसेक सह्या झाल्या होत्या. मी पेन हातात घेऊन थांबले. शेजारून जाऊबाई म्हणाल्या, "बठ्ठा करी राह्यनात, तू बी करी दे." (सगळे करताहेत, तूही करून टाक.) मी सही केली. आता १ मेच्या ग्रामसभेत हा कागद ठराव म्हणून येणार आहे. गटातल्या तिघी-चौघींनी एकांतात मला सांगितले की त्यांनाही हे पटलेले नाही. पण ज्या हाताने सही केली त्याच हाताने आता विरोध कसा करू? लोक म्हणतील, ही दुतोंडी आहे. घरधनी म्हणतात, गावात राहायचे आहे, गप्प बस.

उत्तर : ताई, तुम्ही सही लपवली नाहीत आणि ती नाइलाजाने केली असे सांगून हातही झटकले नाहीत, म्हणून तुमच्याशी मोकळेपणाने बोलता येईल.

आधी त्या चाळीस सह्यांकडे पाहू या. तुम्हाला त्या चाळीस माणसांच्या मतासारख्या दिसल्या, आणि कोणालाही तशाच दिसल्या असत्या. पण पहिल्या दोन-चार माणसांनी कोऱ्या कागदावर सही केली, पाचव्याने चार सह्या पाहून केली आणि विसाव्याने एकोणीस पाहून केली. तुमच्यापर्यंत कागद आला तेव्हा त्यावर किती मते होती आणि किती भीड होती, हे सांगणे कोणालाच शक्य नाही. सॉलोमन ॲश नावाच्या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला नेमकी हीच गोष्ट तपासली. सात-आठ जणांना एकत्र बसवून त्याने तीन रेषा दाखवल्या आणि चौथ्या रेषेएवढी लांब कोणती, असे विचारले. उत्तर लहान मुलालाही सांगता यावे इतके उघड होते. पण एक सोडून बाकी सगळे त्याने शिकवून ठेवलेले होते आणि ते काही फेऱ्यांत ठरवून एकच चुकीचे उत्तर देत. अशा फेऱ्यांत त्या एका बिचाऱ्याची सुमारे एक तृतीयांश उत्तरे इतरांसारखीच चुकीची आली. स्वतःचे डोळे खरे सांगत असतानाही ती आली. मग ॲशने शिकवलेल्यांपैकी फक्त एकाला खरे उत्तर द्यायला सांगितले, तेव्हा चुकीच्या उत्तरांचे प्रमाण घसरून आधीच्या साधारण चौथ्या हिश्शावर आले. आणि न शिकवलेल्या त्या एकाला उत्तर मोठ्याने सांगण्याऐवजी एकट्याने लिहायला दिले, तेव्हाही ते बरेच कमी झाले.

तुमच्या गावात हेच झाले आहे. गटातल्या तिघी-चौघींनी एकांतात जे सांगितले ते त्यांचे खरे उत्तर आहे, आणि कागदावर त्यांचीही सही असेल तर ती दारात उभ्या असलेल्या मुलांना दिलेले उत्तर आहे. एकीने मोठ्याने खरे उत्तर दिले की दुसरीला ते देता येते, हे मी प्रयोगशाळेच्या आधारावर लिहीत असले तरी शिकले ते मात्र दुसऱ्याच ठिकाणी. ते तुम्हाला सांगायला हवे.

१९८३ साली मी सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका शाळेत नुकतीच लागले होते आणि अजून कायम व्हायची होते. सहलीसाठी मुलांकडून जमा केलेले एकशे ऐंशी रुपये कार्यालयातून गेले. शिक्षकांच्या बैठकीत वसतिगृहातल्या आठवीच्या एका पावरा आदिवासी मुलाचे नाव निघाले. "त्याच्याशिवाय कोण असणार?" एवढाच पुरावा होता. त्या दिवशी दुपारभर तो मुलगा माझ्यासोबत ग्रंथालयात होता. आम्ही दोघे फाटक्या पुस्तकांना खाकी कागदाची वेष्टणे चढवत होतो आणि त्याच्या बोटांवर खळ वाळून पांढरी झाली होती. हे सांगायला मला एक वाक्य पुरले असते. आम्ही सहा जण टेबलाभोवती बसलो होतो. मुख्याध्यापकांनी विचारले, "कोणाला काही म्हणायचे आहे?" आणि मी समोरच्या हजेरीपटाच्या कोपऱ्याकडे पाहत राहिले. दोन दिवसांनी त्याचे वडील पायी आले आणि त्याची पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन त्याला परत घेऊन गेले. उन्हाळी सुट्टीच्या आधी कपाट साफ करताना फळीवर अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली ते पैसे जसेच्या तसे सापडले. मी त्याच्या पाड्यावर गेले, तोवर घरातली सगळी माणसे गुजरातेत ऊसतोडीला गेली होती. तो पुन्हा शाळेत आला नाही. पुढे मी त्या बैठकीतल्या एकेकाशी बोलले, तेव्हा कळले की आमच्यापैकी आणखी तिघांना तो आरोप पटलाच नव्हता. म्हणजे सहापैकी चौघे एका बाजूला होते आणि निर्णय मात्र उरलेल्या दोघांचा झाला. ते दोघे दुष्ट नव्हते. त्यांना अडवणारा आवाज त्यांच्या कानी पडलाच नाही, आणि आमचे गप्प बसणे त्यांनी होकारात धरले. पंचाहत्तरीला आलेल्या बाईला आजही ती वाळलेली खळ आठवते, एवढेच तुम्हाला सांगते.

तुमची वेळ मात्र अजून गेलेली नाही.

सही परत घेता येते. 'सदर निवेदनावर मी केलेली सही मी मागे घेत आहे', एवढ्या एका वाक्याचा अर्ज ग्रामसेवकाकडे द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या आणि ती प्रत घरी जपून ठेवा. दुतोंडी म्हणतील ही तुमची भीती मला समजते, पण मला ती उलटी वाटते. ज्या बाईने सही केलीच नाही तिला गाव म्हणेल की ही आधीपासून तिकडचीच होती. तुम्ही उभ्या राहून "मी सही केली, घाईत केली, सगळ्यांच्या पाहून केली आणि ती चुकली" असे म्हणालात, तर सभेतल्या निम्म्या लोकांना ते स्वतःचेच शब्द वाटतील, कारण त्यांनीही ती तशीच केली आहे.

आता ठरावाविषयी. ग्रामपंचायत ही संविधानाच्या अनुच्छेद १२ नुसार 'राज्य' या संज्ञेत येणारी स्थानिक संस्था आहे, आणि अनुच्छेद १५ राज्याला धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाशी भेदभाव करण्यास मनाई करतो. अनुच्छेद १९ ने प्रत्येक नागरिकाला देशभर फिरण्याचे आणि व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. कागदावर धर्माचे नाव लिहिले नाही म्हणून हेतू झाकला जात नाही. माणसाला गावात येऊ न देण्याचा अधिकार ग्रामसभेला नाही. म्हणून सरपंचांना आणि ग्रामसेवकाला सभेच्या आधीच, शांतपणे, त्यांच्या घरी किंवा कार्यालयात जाऊन विचारा. "असा ठराव घेता येतो का, हे गटविकास अधिकाऱ्यांना विचारून सांगता का?" या प्रश्नात कोणाचा अपमान नाही, आणि पुष्कळ वेळा असे ठराव तिथेच गळून पडतात, कारण सही करणाऱ्या पदाधिकाऱ्याला आपल्या अंगाशी काय येईल याची जाणीव होते.

नाही गळून पडला, तर सभा आहे. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते; ती बहुतेक गावांत कागदोपत्रीच उरकली जाते, पण तुमच्या हाती बारा जणींचा गट आहे. त्या सभेचा आग्रह धरा आणि हा विषय तिथे आधी बोलून घ्या. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. तेवढे लोक न आल्याने सभा तहकूब झाली तर पुढच्या सभेला ती अट राहत नाही, आणि मग वीस-पंचवीस माणसे साऱ्या गावाच्या नावाने ठराव करून मोकळी होतात. म्हणून दोन्ही दिवशी हजर राहा. आपल्याकडे सभेत पुरुष सतरंजीवर पुढे बसतात आणि बाया मागे खांबाला टेकून उभ्या असतात, हे मला माहीत आहे. त्या दिवशी सतरंजीवर बसा. बोलून झाले की ग्रामसेवकाला म्हणा, "माझा विरोध प्रोसिडिंगमध्ये लिहा," आणि लिहिलेले वाचून दाखवायला सांगा.

काय बोलायचे, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. त्या लांबच्या शहरात चूक कोणाची होती, या वादात मात्र पाऊल टाकू नका. तिथे तुम्ही नव्हता आणि तो कागद आणणारी मुलेही नव्हती. त्या वादात जो मोठ्याने बोलेल तोच जिंकतो. तुम्ही जे पाहिले तेवढेच बोला. माझा चुडा यांनी भरला, माझ्या लेकींचा भरला, आखाजीला उधार दिले, आजवर एका पैशाची किंवा एका शब्दाची तक्रार नाही. मग कोणत्या गुन्ह्यासाठी त्यांना वेशीवर अडवायचे ते सांगा. हे अहिराणीत बोला. प्रमाण भाषेत बोललात तर ते भाषण होईल आणि भाषणाला प्रतिभाषण येईल. आणि एक काळजी घ्या : चाचांना विचारल्याशिवाय त्यांना सभेत आणू नका किंवा त्यांच्या वतीने काही कबूल करू नका. पेटी घेऊन दहा गावे फिरणाऱ्या माणसाला आपल्या एका गावच्या भांडणात उभे करण्याचा आपल्याला अधिकार नाही.

तुम्ही अमळनेरच्या मातीतल्या आहात म्हणून आठवण करून देते. तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवणाऱ्या साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये विठ्ठलाचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून पंढरपूरला उपोषण केले, हे सगळ्यांना माहीत असते. त्याआधी काही महिने ते महाराष्ट्रभर हिंडून लोकांशी बोलत होते, हे तेवढे लक्षात राहत नाही. ज्यांच्याशी मतभेद होता त्यांच्याशी ते त्यांच्याच विठ्ठलाचे नाव घेऊन बोलले, परके होऊन बोलले नाहीत. तो कागद आणणारी मुलेही तुमच्याच गल्लीतली आहेत आणि त्यांतल्या एखाद्याला तुम्ही कडेवर खेळवले असेल. सभेच्या आधी त्याला घरी बोलवा, चहा द्या आणि तुम्ही सभेत काय बोलणार आहात ते त्याला आधी सांगून टाका. चारचौघांत तोंडावर पडलेला तरुण हट्टाला पेटतो. आधी कळलेल्याला माघार घ्यायला वाट उरते.

घरधन्यांचे म्हणणे मी हलके समजत नाही. गावात राहायचे आहे, पाणी, वाट, बांध, सोसायटीचे कर्ज, सगळे त्याच माणसांशी आहे. त्यांना एवढेच विचारा की एकांतात तुमच्याशी बोललेल्या त्या तिघी-चौघींच्या घरी त्यांचे मालक काय म्हणाले. उत्तर बहुधा हेच असेल. चार घरांत चार नवरे एकमेकांना घाबरून चार बायकांना गप्प बसवत असतील, तर आधी त्या चौघांनाच एकत्र बसवणे बरे.

ठराव तरीही मंजूर होऊ शकतो. तसे झाले तर तो कायद्यात टिकणारा नाही, पण गावात काही दिवस टिकेल आणि तुम्हाला बोलणी बसतील. ते दिवस कठीण जातील, आणि मी तुम्हाला दुसरे काही सांगून फसवणार नाही. फक्त त्या काळात गटाची मासिक बैठक चुकवू नका.

प्रश्न : बाई, मी भुसावळला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या भावकीच्या मोबाइल ग्रुपवर माझ्या मोठ्या काकांनी, ज्यांना आम्ही अप्पा म्हणतो, एक मेसेज टाकला : मुले पळवणारी टोळी जिल्ह्यात आली आहे, भिकाऱ्यांच्या वेशात फिरते, दिसताच धरा. सोबत चार माणसांचा फोटो होता. मी शोधले तर तो फोटो जुना आणि दुसऱ्याच राज्यातला निघाला. मी ग्रुपवर लिहिले, "अप्पा, शिकलेली माणसेही असे फालतू मेसेज पाठवतात याची लाज वाटते." त्यावर खूप बोलणी बसली. अप्पांनी 'लहान तोंडी मोठा घास' असे लिहिले, वडिलांनी माफी मागायला सांगितले आहे. माझे चुकले का? मी ग्रुप सोडून देऊ का?

उत्तर : बाळ, तुझा मुद्दा बरोबर आहे, सूर चुकला आहे, आणि ते सांगण्याआधी तू काय वाचवू पाहत होतास ते तुझ्या वडिलांना आणि अप्पांना कळायला हवे. हे उत्तर त्यांना वाचायला दे.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी पाच माणसे तिथे आली होती. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे मेसेज त्या भागात आधीपासून फिरत होते. कोणाला तरी संशय आला, जमाव जमला, त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले गेले आणि पाचही जण मेले. ती माणसे मुले पळवणारी नव्हती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी पुढे पाठवण्यावर मर्यादा घातली, पण मेलेल्यांच्या घरच्यांना त्याचा काय उपयोग? तो मेसेज पुढे पाठवणाऱ्या शेकडो लोकांत तुझ्या अप्पांसारखी सज्जन, पापभीरू, नातवंडांच्या काळजीने पाठवणारी माणसे असणारच. काळजीपोटी पाठवलेला मेसेजही तितकाच वेगाने धावतो.

म्हणून मत आणि अफवा यांत फरक कर. अप्पांचे एखाद्या पक्षाविषयी, आरक्षणाविषयी किंवा दुसऱ्या समाजाविषयी तुला न पटणारे मत असेल, तर ते ग्रुपवर खोडण्याच्या फंदात पडू नये. तिथे पस्तीस जण पाहत असतात आणि पस्तीस जणांसमोर साठीचा माणूस पुतण्याकडून हार घेत नाही. अशा मतासाठी अप्पांच्या घरी जा, त्यांच्या झोक्यावर बस, ते मत त्यांचे कशावरून झाले ते आधी विचार आणि पूर्ण ऐक. खूपदा मताच्या मुळाशी एखादा खरा, जुना घाव असतो आणि तो ऐकून घेणारा त्यांना भेटलेला नसतो. त्यानंतर तुझे म्हणणे मांड आणि एका बैठकीत मन वळावे अशी अपेक्षा धरू नकोस.

अफवेचे तसे नाही. 'दिसताच धरा' असे शब्द असलेला मेसेज आला की त्याच ग्रुपवर, त्याच घटकेला लिहिले पाहिजे. तिथे वय आड येत नाही. ते तू केलेस, आणि त्याबद्दल माफी मागायची नाही. पण तू खोडलेस मेसेजला आणि मारलेस अप्पांना. "अप्पा, हा फोटो जुना आणि दुसऱ्या राज्यातला आहे, मी तपासून पाहिला. आपल्याकडे राईनपाड्याला अशाच मेसेजनंतर पाच निरपराध माणसे गेली. कृपया हा पुढे पाठवू नका, आणि कोणी संशयित दिसलेच तर ११२ वर फोन करा." एवढे लिहिले असते तर तुझ्यावर रागावणे अप्पांना अवघड गेले असते. तू 'लाज' हा शब्द घातलास आणि सगळा ग्रुप फोटो विसरून त्या शब्दाभोवती भांडत बसला. नुकसान कोणाचे झाले? मेसेज तिथेच राहिला आणि कदाचित चार जणांनी पुढेही पाठवला.

तेव्हा माफी माग, पण सुराबद्दल माग, मजकुराबद्दल नको. अप्पांना भेटून "लाज वाटते असे म्हणायला नको होते" असे म्हण, पाया पड, आणि त्याच बैठकीत तो मेसेज सगळ्यांसमोर मागे घ्यायची विनंती त्यांनाच कर. अप्पांनी स्वतः लिहिले की तपासून पाहिले, खोटा निघाला, तर तुझ्या शंभर मेसेजइतके काम होईल. भावकीतला थोरला माणूस चूक कबूल करतो हे तिथल्या लहान मुलांनीही वाचायला हवे. ग्रुप मात्र सोडू नकोस. तू गेलास की पुढच्या वेळी फोटो तपासून पाहणारा तिथे कोण राहील?

प्रश्न : मी यावल तालुक्यात केळीची शेती करतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या समाजाच्या बैठकीत, जातीबाहेर लग्न केलेल्या एका मुलीच्या आई-वडिलांना कोणत्याही कार्याला बोलावू नये, असे ठरत होते. मी एकटा उठून म्हणालो, हे बरोबर नाही. तेव्हापासून आम्हालाच बोलावणे बंद झाले. गेल्या पौषात वडील वारले, तेव्हा खांदा द्यायला समाजातली मोजून पाच माणसे आली, बाकी शेजारपाजारचे आणि शेतातले मजूर. आता मुलीचे लग्न वैशाखात आहे. पत्रिका वाटताना पाय जड होतात. बोलून मी काय कमावले, ते सांगा.

उत्तर : भाऊ, वडिलांच्या जाण्याला माणसे आली नाहीत याची भरपाई होईल असे कोणतेही वाक्य माझ्याजवळ नाही, म्हणून ते शोधत बसत नाही.

कायद्याचे तेवढे आधी सांगते. अशा प्रकारे एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. त्यासाठी २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे आणि तो जुलै २०१७ पासून लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे, आणि बहिष्कार घालणाऱ्यांना चिथावणी किंवा मदत देणाऱ्यांवरही कारवाई होऊ शकते. तक्रार पोलीस ठाण्यात देता येते किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे नेता येते. लग्न तोंडावर असताना तुम्हाला ती करावीशी वाटणार नाही, हे मी समजू शकते. पण एका वहीत तारखा, बैठकीची जागा, कोणी काय म्हटले आणि कोणत्या कार्याला वगळले ते आजच लिहून ठेवा. पुढे केव्हा ठरवले तर आठवणीवर विसंबावे लागणार नाही, आणि अशी वही आहे एवढे कानावर गेले तरी काहींचा आवाज खाली येतो.

काय कमावले, असे विचारता. तुम्ही ज्या आई-वडिलांसाठी उठलात, त्यांचा तुमच्या पत्रात पुढे उल्लेखच नाही. त्या दोघांना पहिली पत्रिका द्या. वडिलांना खांदा द्यायला आलेल्या त्या पाच जणांना दुसरी, आणि ती स्वतः जाऊन द्या. कारण ते पाच जणही बैठकीचे ठरलेले मोडूनच आले होते, आणि त्यांना तसे कोणी अजून म्हटलेले नसेल. शेतातल्या मजुरांना पुढच्या पंगतीत बसवा. बाकीच्यांच्याही दारी पत्रिका जाऊ द्या. दार उघडणे न उघडणे त्यांच्याकडे राहील, आणि बोलावले नव्हते असे म्हणायची सोय त्यांना उरणार नाही.

एक पत्रिका या मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावाने टाका. धुळ्याहून यावलला एसटीने येता येते. मी आदल्या दिवशी हळदीलाच पोहोचेन.